कुणाचं बेणं

मलकापूर
१८ डिसेंबर २०२४

श्रद्धा,

'प्रिय' लिहीत नाही. रागात असताना 'प्रिय' लिहिलं की शाळेतला निबंध सुरू झाल्यासारखं वाटतं.

'फोनवर तू नुसता ओरडतोस, त्यापेक्षा लिहून पाठव, कागदावर ओरडता येत नाही,' असं म्हणून तू माझा नंबर बंद केलास. येतं की नाही ओरडता ते आता बघ. होस्टेलच्या पत्त्यावर पाठवतोय. माधवनगरला घरी पाठवलं असतं तर तुझ्याआधी तुझ्या चुलतभावानं, आपल्याच कॉलेजातल्या त्या सम्मेदनं, फोडून वाचलं असतं आणि वर शुद्धलेखन तपासलं असतं.

तुझं पाकीट काल मिळालं. मला वाटलं पत्र असेल. निघाली शब्दकोशातल्या एका पानाची झेरॉक्स. 'बेणे' या शब्दाखाली तू हिरव्या पेनानं रेघ मारलीस. लावणीसाठी राखलेलं कांडं, कंद, फांदी. आणि कडेला तुझ्या अक्षरात, "बोलीत लहान पोर, लाडानं किंवा चिडून. बघ, शिवी नाही."

शिवी आहे असं मी कधी म्हणालो? श्रद्धा, मी शेतकी कॉलेजात सात सेमिस्टर काढली आहेत. उसाचं बेणं काय आणि माणसाचं बेणं काय, हे मला कोशात बघावं लागत नाही. मला सांग, घरात साप निघाला म्हणून ओरडणाऱ्याला कुणी सापाच्या स्पेलिंगचं पान पाठवतं का?

तुला सगळं आठवतंय, तरीपण मी लिहिणार. लिहून ठेवलं की तुला 'असं झालंच नव्हतं' म्हणता येणार नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी आपल्या गटानं तुमच्या रानात बेणेप्रक्रियेचं प्रात्यक्षिक घेतलं. तुम्ही दोघं बहीणभाऊ सोडून आम्ही सहा जण. रान तू मिळवून दिलंस, कारण ते तुझ्या वडिलांचं, मदन अण्णांचं. बांधावर फ्लेक्स लावला होता, त्यावर हे एवढ्या मोठ्या अक्षरांत 'बेणेप्रक्रिया'. उसाची एक डोळ्याची, म्हणजे एकेका कोंबाची टिपरी मी तोडली. ती औषधाच्या पाण्यात बुडवून काढली, शेतकऱ्यांच्या शंकांना उत्तरं दिली. माझ्या हातातला कोयता बघून अण्णा खूश झाले. तोड तिरकी नाही, डोळ्याला धक्का नाही. सगळ्यांसमोर म्हणाले, "बेणं लय हुशार दिसतंय. कुणाचं रं तू?"

सगळे हसले. तूही हसलीस. त्या हसण्याबद्दल माझी तक्रार नाही. मीपण हसलो. मी म्हणालो, मलकापूरचं. आणि अण्णांनी तिथंच सगळ्यांना सांगितलं की दिवस मावळायच्या आत चार घास खाऊनच जायचं, आमच्या जैनांत दिवस बुडाल्यावर चूल झाकतात, तवा लवकर हातपाय धुवा.

मग सम्मेद पुढं झाला आणि म्हणाला, अण्णा, बनसोडे हाय तो, मूळचा माणचा.

त्यानंतर अण्णांनी माझ्याकडं पाहिलं नाही. चहाचा कप उचलला आणि कपाला सांगितल्यासारखं म्हणाले, "बेणं बघूनच लावावं गड्यांनो. न्हाईतर सगळं रान नासतंय." आणि थोड्या वेळानं, "दिवस बुडाला की. पोरांस्नी आता उशीर करू नगा."

आम्ही सहाही जण उपाशी निघालो. तू बांधापर्यंत सोडायला आलीस आणि चप्पल बघत उभी राहिलीस.

श्रद्धा, दिवस बुडाला नव्हता. दिवस कासराभर वर होता. तुमच्या विहिरीवरच्या शेवरीच्या शेंड्याला टेकलासुद्धा नव्हता. तू म्हणतेस अण्णा शेतीचं बोलले. शेतीचंच बोलले. खराब बेण्यानं रान नासतं, हे मीच तासभर शिकवत होतो. म्हणून तर ते वाक्य धरता येत नाही. माशासारखं हातातून सुटतं.

मला माफी नको. अण्णांचीही नको, तुझीही नको. तू फक्त एवढं म्हण की दिवस वर होता. एवढं एकच वाक्य. तुझ्या तोंडून.

सम्मेदबद्दल तू फोनवर विचारलंस. कॉलेजात तो मला 'प्रमाणित बेणं' म्हणायला लागला, म्हणजे सरकारी दाखला लावलेलं, मग सगळी लॅब म्हणायला लागली. पुढं काय झालं ते तुला माहीत आहे. त्याचा तो दात आधीपासूनच हलत होता. आणि मला कुणी काढलेलं नाही. मी सोडलं.

कपिल


मलकापूर
३ जानेवारी २०२५

श्रद्धा,

पत्र मिळालं. यावेळी खरंखुरं पत्र. तीन पानं लिहिलीस आणि त्या तीन पानांत तो दिवस कुठंच उगवला नाही, मावळला नाही.

काय काय लिहिलंस बघ. मराठीच्या मॅडमना तू विचारलंस. त्या म्हणाल्या, बीजाचं बी, बियाचं बियाणं आणि बियाणं तोंडात घोळून घोळून बेणं झालं असावं. छान. मग म्हणतेस, ज्या शब्दाच्या मुळाशी बी आहे त्यात वाईट काय असणार? आणि शेवटी, "तुझी आईसुद्धा तुला बेणं म्हणते, तेव्हा कुठं जातो राग?"

जातो कुठं ते सांगतो. आई अंगणवाडीत मदतनीस आहे हे तुला माहीत आहे. तिच्या तोंडात हा शब्द दिवसभर असतो. बेणी आली का समदी. ह्या बेण्याचं नाक पुसा. ते बारकं बेणं खिचडीत हात घालतंय. एखादं पोर पडलं, रडलं, तर त्याला पोटाशी धरून "माजं बेणं ते" म्हणते, आणि त्याच पोरानं चावा घेतला की "काय बेणं जन्माला आलंय" म्हणते. पोरांना कळतं कोणतं कोणतं. तीन वर्षांच्या पोरांना कळतं. तुला कळत नाही?

आणि मॅडमना माझा निरोप सांग. बियाणं आणि बेणं एक नाही. बियाणं पेरतात, बेणं लावतात. ज्वारीचं बी वेगळं, ज्वारीचं ताट वेगळं. उसाचं तसं नाही. ऊस आपल्याच अंगाचा तुकडा मातीत पुरतो आणि त्यातून तोच ऊस परत उभा राहतो. मला वाटतं म्हणूनच कुणीतरी कधीतरी आपल्या पोराला बेणं म्हटलं असेल. माझ्या अंगाचा तुकडा. कोशात हे नसेल, नसू दे. पण यातच विष पण आहे, बघ. तुकडा म्हटलं की कुणाच्या अंगाचा, हा प्रश्न आलाच. आईनं म्हटलं की तो प्रश्न मिटलेला असतो. तुझ्या अण्णांनी म्हटलं तेव्हा तो उघडा होता. आधी उत्तर माहीत नव्हतं म्हणून शब्द गोड होता, उत्तर कळलं आणि तोच शब्द कडू झाला. अक्षर बदललं नाही की काना बदलला नाही.

मी सध्या वीरधवलदादांच्या रोपवाटिकेत आहे. घरापासून सायकलवर. दिवसभर उसाचे डोळे काढायचे, ट्रेमध्ये लावायचे, पाणी मारायचं. तुझी डिग्री कुठं आणि तू कुठं, असं लिहू नकोस. पप्पांनी ते रोज म्हणायचं काम घेतलेलं आहे. ते एसटीच्या डेपोतनं आले की हात धुवायच्या आधी तेच.

इथं ट्रे भरायला मनुबाई येतात. त्यांना मी विचारलं, बेणं म्हटल्यावर माणसाला राग यावा का. तर म्हणाल्या, "बेणं म्हणल्याव रागवायचं आसतं, तर आमचा म्हातारा कवाच घर सोडून गेला आसता. मीच वाट बघतीया." बाकीच्या बाया हसून हसून खाली बसल्या. मला त्यात मदत काही झाली नाही.

मग आईला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच सांगितलं. आजवर तिला वाटत होतं मी नुसत्या मारामारीपायी कॉलेज सोडलं. अण्णांचं वाक्य सांगितलं, दिवसाचं सांगितलं. मला वाटलं ती तुझ्या घराचा उद्धार करेल. ती एवढंच म्हणाली, "त्यांनी कुणाचं म्हणून इचारल्यावर तू काय सांगितलंस?"

मी म्हणालो, मलकापूरचं.

"गावानं जलम दिला व्हय रं तुला?"

मी तिला समजावलं की लोक असंच विचारतात आणि गावच सांगायचं असतं. तिनं चुलीवरचा तवा असा आपटला की शेजारची मांजर पळाली. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही, जेवायला वाढते तेवढंच. म्हणजे तू बोलत नाहीस, आई बोलत नाही आणि पप्पा फक्त एकाच विषयावर बोलतात.

आता खरं काय ते लिहितो, मग तू हस किंवा पत्र फाडून टाक. सांगलीच्या स्टँडवर आपण भडंग खात होतो, गेल्या वर्षी. मी तुझ्या पुडीतले सगळे शेंगदाणे वेचून खाल्ले आणि तू म्हणालीस, "बेण्या, माझ्यासाठी काय ठेवलंस?" त्याआधी तू मला कपिल म्हणायचीस. त्या दिवसापासून बेण्या. लायब्ररीत हळू आवाजात बेण्या. फोन उचलल्या उचलल्या बेण्या. माझं एवढं चांगलं नाव जगात कुणी घेतलं नव्हतं. आणि त्या बांधावर, त्या संध्याकाळी, तू म्हणालीस, "जा कपिल."

तुझ्या अण्णांनी माझ्यावर काही उडवलं असेल तर ते धुऊन निघेल. पण तो शब्द आपला होता. तो त्यांनी घेतला आणि तू घेऊ दिलास.

कपिल


मलकापूर
२० जानेवारी २०२५

श्रद्धा,

तुझं हळदीचं पत्र पोचलं. तुमच्याकडं हळदीचं बेणं म्हणजे जेठा गड्डा, म्हणजे जिच्या अंगाला हळकुंडं लागतात ती आईच, आणि म्हणून बेणं या शब्दात पोर पण आहे आणि आई पण आहे. चांगलं लिहिलंस. मी दोनदा वाचलं. तुला असं लिहिता येतं म्हणून तर मी तुझ्या नादाला लागलो. पण त्या पत्रातसुद्धा तू दिवसाला हात लावला नाहीस. वाक्याच्या जवळ जातेस आणि हळदीच्या सरीत उतरतेस.

एक मात्र लिहिलंस, "ते माझे वडील आहेत. मी हे म्हटलं की मला त्याच घरात परत जायचं असतं." हे मला कळतं. माझा रागीट स्वभाव असला तरी कान शाबूत आहेत. पण मला पण माझ्या घरात परत जायचं असतं, श्रद्धा. मी जातो तेव्हा तिथं माझी आई बसलेली असते.

आता बातमी. तुझा सम्मेद काल रोपवाटिकेत आला होता. गाडी बाहेर लावली आणि थेट आत. मला बघून थांबला, मग दात दाखवले. एक नवीन आहे, चांगला बसवलाय. म्हणाला, "काय प्रमाणित बेणं, हितं उगवलायस व्हय?" वीरधवलदादा शेजारी उभे होते म्हणून मी पाण्याचा पाइप धरून गप्प राहिलो. तुझ्यासाठी राहिलो असं समज.

तो आला होता रोपं ठरवायला. कुणासाठी, तर अण्णांसाठी. विहिरीकडच्या तुकड्यात त्यांना एक डोळ्याची रोपं लावायची आहेत. त्या भागात हव्या त्या वाणाची रोपं संपली, म्हणून कुणीतरी आमच्या दादांचं नाव सांगितलं. सम्मेदला माहीत नव्हतं मी इथं आहे. त्यानं बघून बघून ट्रे निवडले. श्रद्धा, निवडलेले सगळे ट्रे माझ्या हातचे. मी डोळे काढलेत, मी लावलेत, मी पाणी दिलंय. मी पाणी मारत राहिलो.

दादा आत पावती करायला गेले तेव्हा सम्मेद माझ्याजवळ आला. बहुतेक मैत्री करायला आला होता, त्याला तीपण येत नाही. हसत हसत म्हणाला, गड्या, त्या दिवशी लय वाया गेलं बघ, काकूनी समद्यांच्या भाकरी थापून ठेवलेल्या, वांग्याची भाजी केलेली, तुमी गेल्यावर ढीगभर भाकरी म्हशीपुढं टाकल्या, म्हस दोन दिवस फुगून बसलेली.

गंमत म्हणून सांगितलं त्यानं. त्याला कळलंच नाही तो काय सांगतोय.

मला कळलं. भाकरी तयार होत्या. तुझ्या आईनं चुलीपुढं बसून सहा पोरांच्या भाकरी थापल्या होत्या. वेळ झाला नव्हता, उशीर झाला नव्हता, धर्माची काही अडचण नव्हती. तुमच्या धर्मात जीव उपाशी ठेवू नये म्हणतात ना? मग दिवस असताना चूल झाकायची, ही कुठली रीत? एकट्या मला हाकलता येत नाही म्हणून सगळा गट हाकलला. आपल्या गटात तुझी मैत्रीण साक्षी होती, तिचं तर सकाळपासून डोकं दुखत होतं. तिनंपण काय केलं होतं? आणि त्या भाकरी म्हशीनं खाल्ल्या. म्हशीला कुणी विचारलं नाही, कुणाचं रं तू.

इथं पेनानं कागद फाटलाय, तुला दिसेलच.

आणि तू म्हणे स्वयंपाकघरात गेलीच नव्हतीस. जा. आईला विचार.

दादा म्हणालेत, माधवनगरची रोपं घेऊन टेम्पोबरोबर तू जा, उतरवताना मुळी तुटली तर रोप मरतं. मी नाही म्हणालो. आपल्याच्यानं त्या रानात पाय टाकवणार नाही, दुसऱ्याला पाठवा म्हणालो. दादा म्हणाले, का रे, रानानं काय केलंय?

विचार करतोय.

कपिल


मलकापूर
४ फेब्रुवारी २०२५

श्रद्धा,

गेलो. तू होस्टेलवर होतीस, हे मला ठाऊक होतं, म्हणूनच गेलो. तुला बघितलं असतं तर माझा राग टिकला नसता.

सकाळीच पोचायचं होतं, पण दादांचा टेम्पो वाटेत गरम झाला आणि तुमच्या बांधावर आलो तेव्हा दुपार कलली होती. अण्णा विहिरीजवळ उभे होते, डोक्याला टॉवेल. सऱ्या पाडून ठेवलेल्या, एकसारख्या. रान त्यांनी चांगलं केलंय, हे मान्य करतो. चांगलं रान केलेला माणूस बघितला की मला त्याचा राग धरवत नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

ट्रे उतरवायला लागलो. अण्णांनी एक रोप ट्रेमधनं अलगद उपसलं, उलटं धरून मुळी पाहिली, वास घेतला. खूश झाले. ड्रायव्हरला म्हणाले, मुळी बघ की कशी पांढरीफेक, हात कुणाचा? ड्रायव्हरनं माझ्याकडं बोट केलं.

अण्णा माझ्याकडं वळले. चेहऱ्यावर हसू. आणि काय म्हणाले असतील, सांग.

"बेणं गुणाचं दिसतंय. कुणाचं रं तू?"

तोच प्रश्न. त्याच जागी. त्यांनी मला ओळखलं नव्हतं. श्रद्धा, ज्या माणसाच्या एका वाक्यानं माझं कॉलेज सुटलं, आईचा अबोला आला, तू गेलीस, त्या माणसाला माझं तोंड आठवत नव्हतं. त्या दिवशी आडनाव कळल्यावर त्यांनी माझ्याकडं पाहिलंच नव्हतं, तर आठवणार कसं? मी दोन महिने ज्यांच्याशी मनात भांडत होतो, ते माझ्याशी भांडतच नव्हते.

मी ट्रे खाली ठेवला. हात पँटला पुसले. आणि सांगितलं. आईला शब्दन् शब्द सांगितलाय, तुलाही सांगतो.

"कपिल राजाराम बनसोडे. आईचं नाव माया. आज्जी बाळाबाई, माण तालुक्यातली. दुष्काळात इकडं आली, तुमच्या माधवनगरच्या बाजूला ऊस लावणीला बेणं तोडून द्यायची. ह्या अंगाच्या कितीतरी रानांत तिच्या कोयत्याखालचं बेणं लागलंय, अण्णा. तवा कुणी इचारलं न्हाई, हात कुणाचा."

त्यांच्या हातात माझं रोप तसंच होतं. आता ओळखलं होतं. त्यांनी ते ट्रेमध्ये परत ठेवलं. फेकलं नाही, हे मी लिहितो, कारण मी तुझ्यासारखा अर्धं सांगणारा नाही. जपून ठेवलं, मुळीला धक्का लागू न देता. मग गड्याला हाक मारली आणि म्हणाले, "ह्यास्नी पाणी दे. तुमी सावलीला बसा."

आडनाव यायच्या आधी मी 'रं' होतो, 'तू' होतो. आडनाव आलं आणि 'तुमी' झालो. हा मान वाढला की मला आणखी एक सरी पलीकडं उभं केलं, हे तू मॅडमना विचार. कोशात बघून नाही कळायचं.

पाणी प्यालो. तहान लागली होती आणि पाणी कुणाच्या मालकीचं नसतं. ट्रे मोजून दिले, रोप लावताना मुळी कशी दाबायची ते गड्याला दाखवलं. तेही नीट दाखवलं. ती रोपं माझी आहेत, ती मी कुणाच्या रागापायी मारणार नाही. निघताना अण्णा बांधावर आले. काहीतरी बोलायचं होतं त्यांना, पण टॉवेल सोडायचा आणि परत बांधायचा एवढंच चाललं होतं.

मी पश्चिमेकडं हात केला आणि म्हणालो, "अजून दिवस कासराभर हाय, अण्णा."

त्यांनी कपाळावर हात आडवा धरून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. टेम्पो वळला तरी तसेच उभे होते. एवढा वेळ लागतो का, दिवस कुठं आहे ते बघायला?

घरी आलो. आईला सांगितलं. तिनं सगळं ऐकलं, बाळाबाईचं नाव आलं तेव्हा पदर तोंडाला लावला, आणि मग म्हणाली, "ऊठ बेण्या, हातपाय धू, भाकरी गार हुतीया."

आईचं माझं मिटलं.

आता मी तुला काही मागत नाही. अण्णांना जे सांगायचं ते मी सांगितलंय. तू म्हण, नाहीतर म्हणू नकोस. पण एक सांगतो, शेतकी कॉलेजात शिकलेलंच. आपण शेतकऱ्यांना सांगतो की तीन वर्षांनी बेणं बदला, तेच तेच लावत राहिलं की ऊस खुजा होतो, पानावर रोग येतो. जमिनीत लावायचं बेणं बदलायला तयार होतात लोक. तोंडातलं नाही.

कपिल


मलकापूर
१३ फेब्रुवारी २०२५

श्रद्धा,

तुझं पत्र आलं. माझ्यासमोर आहे. इतकं लहान की पोस्टमनला वाटलं असेल पाकीट रिकामंच आहे. मी ते इथं उतरवून काढतो, कारण मला ते माझ्या हातानं लिहून बघायचंय.

"बेण्या,
दिवस कासराभर वर होता. मी पाहिला होता.
आईला भाकरीचं विचारलं. ती रडली, म्हणजे उत्तर मिळालं. रविवारी संध्याकाळी ताटावर बसल्यावर अण्णांना हेच वाक्य म्हटलं. त्यांनी ताट सारलं. मग मीपण सारलं. आईनं दोन्ही ताटं झाकली. आम्ही दोघं समोरासमोर बसून राहिलो आणि दिवस बुडाला."

बुडाला म्हणजे सकाळपर्यंत तुम्हा दोघांच्या पोटात अन्न नाही. तुमच्या घरची रीत मला आता पाठ आहे.

हे वाचून मी खूश व्हावं असं तुला वाटत असेल. झालो. पहिला शब्द वाचून इतका झालो की मनुबाईंनी विचारलं, पोराला काय चावलं का. पण राग गेलाय असं समजू नकोस. उलट आता नवा आलाय. मला उपाशी घालवलं ते घालवलं, आता घरची पोरगी उपाशी ठेवायला लागले? आणि स्वतःही बसले तसेच? एक वाक्य गिळण्यापेक्षा माणूस भाकरी सोडतो, हा काय हट्ट झाला? तू पण कमी नाहीस. हट्टाच्या बाबतीत तू पुरती त्यांचंच बेणं आहेस. हे लाडानं म्हटलं की चिडून, ते ओळख.

सोमवारी कॉलेजात येतोय. प्राचार्यांना भेटतो, राहिलेल्या परीक्षांचं काय करायचं ते विचारतो. पप्पांना हे सांगितलं तर त्यांना आता रोज बोलायला विषय उरला नाही, बिचारे डेपोतलं इंजिन कसं उघडतात ते सांगत बसले. सम्मेदला सांग, मला प्रमाणित बेणं म्हणायचं असेल तर खुशाल म्हण. लॅबमध्ये फळ्यावर लिहून ठेवलंस तरी चालेल. फक्त खाली कुणाचं तेही लिही, पुरं नाव. आई मायासकट.

आणि अण्णांचं. पत्रात तू लिहिलं नाहीस, पण पाकिटाच्या मागं पेन्सिलीनं बारीक अक्षरात आहे, "रोपं सगळी लागली, एक पण मेलं नाही, असं अण्णा सगळ्यांना सांगतात. कुणाच्या हातची ते सांगत नाहीत." सांगायचे नाहीत. मला घाई नाही. ऊस बारा महिने घेतो.

कधीतरी ते तुला म्हणतील, त्या पोराला जेवायला बोलव. तेव्हा माझ्या वतीनं हो म्हण. पण संध्याकाळचं कबूल करू नकोस. मी येईन तो भर दुपारी बारा वाजता, सूर्य बरोबर डोक्यावर असताना, सावली पायाखाली घेऊन. बघू मग दिवस कसा बुडतो ते.

तुझा,
बेण्या